बारा टॅपेटांवरचा काळा थर

१

विनोद पांचाळला चोर ठरवलं ते जूनच्या पहिल्या सोमवारी, मिरकरवाडा बंदरावर, पंचवीसेक माणसांच्या देखत. मी तिथे नव्हते. असते तर दोन-चार जणांना तिथल्या तिथे ऐकवलं असतं, कारण विनोद माझा विद्यार्थी.

मी तुळसा रहाटे. रत्नागिरीत तंत्रनिकेतनात पदार्थ-परीक्षणाची प्रयोगशाळा सांभाळते, एकतीस वर्षं झाली. धातू कसा तुटतो, कसा झिजतो हे पोरांना शिकवते. निवृत्तीला आठ महिने राहिलेत, त्यामुळे आता कुणाला भीत नाही. आधीही फारशी भीत नव्हते म्हणा.

मंगळवारी सकाळी विनोदची बायको मनस्वी आली. हातात स्टीलचा डबा. मला वाटलं काही खायला आणलं. तिने झाकण काढलं तर आत कापसात गुंडाळलेली दोन टॅपेटं.

"काल गुलाम रसूल चाचांनी ही ह्यांच्या अंगावर फेकली," ती म्हणाली. "'घे तुझं सोनं' म्हणाले. कालपासून हे घराबाहेर पडले नाहीत, मॅडम. जेवलेले पण नाहीत."

टॅपेट म्हणजे औषधाच्या डबीएवढी पोलादी टोपी. तिच्या माथ्यावर कॅम, म्हणजे अंड्याच्या आकाराचं चाक, फिरतो, तिला दाबतो, आणि तिच्यामुळे इंजिनाचा व्हॉल्व्ह उघडतो. मिनिटाला शेकडो वेळा. माथा घासत राहतो, म्हणून त्यावर हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा पातळ थर चढवतात. रंगाने काळा कुळकुळीत. विनोदनेच गेल्या वर्षी गुलाम रसूल सोलकरांना पटवून त्यांच्या 'अल-मदद' बोटीची बारा टॅपेटं मिरजोळ्याच्या एमआयडीसीतून थर देऊन आणली होती. दहा वर्षं बघायला नको, असं तो सांगून बसला होता.

एका हंगामात बाराच्या बारा माथे उघडे पडले. आतलं पोलाद चकाकत होतं.

"चाचा म्हणतात, ह्यांनी खरी टॅपेटं विकली आणि साधी टॅपेटं काळ्या रंगात बुडवून बसवली," मनस्वी म्हणाली. "शनिवारी बोटमालकांच्या सोसायटीची बैठक आहे. ह्यांना कुठल्याच इंजिनाला हात लावू द्यायचा नाही, असं ठरवणार आहेत."

जून-जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, इंजिनं उघडलेली. बंदरावरच्या मेकॅनिकचं वर्ष ह्या दोन महिन्यांत असतं. ते गेले की माणूस मुंबईची वाट धरतो, आणि चोर म्हणून नाव झालं की परत येत नाही.

"केलं नाही ना त्याने?" मी विचारलं. विचारायला हवं होतं म्हणून विचारलं.

"मॅडम!" ती एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरले आणि मला माझीच लाज वाटली.

"डबा ठेव इथे," मी म्हटलं, "आणि त्या शहाण्याला सांग, मॅडमनी जेवायला सांगितलंय."

२

चोरीचा निकाल लावायला मला दीड तास लागला. टॅपेटाच्या कडेला, जिथे कॅम पोचत नाही, तिथे काळा रंग शिल्लक होता. त्यावर छोटी गोळी घासून वाटोळा खळगा पाडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली कड्या मोजल्या. थर अस्सल कार्बनचा होता. जाडी केसाच्या पंचविसाव्या भागाएवढी, म्हणजे हवी तेवढीच. रंगात बुडवून असला थर येत नाही.

विनोद चोर नव्हता. मी समाधानाने चहा सांगितला. तो यायच्या आत माझ्या ध्यानात आलं की ह्याने विनोद सुटत नाही. सोसायटी म्हणेल, ठीक, चोर नाही, पण इंजिन तर खराब केलं. ऑइल कमी घातलं असेल, गाळणी बदलली नसेल. चोराऐवजी बिनकामाचा ठरेल. पोटाला दोन्ही सारखंच.

माथा पुन्हा पाहिला. ऑइल कमी पडलं असतं तर माथा करपल्यासारखा झाला असता आणि वरचा कॅमही खरवडला असता. रेती गेली असती तर ओरखडे दिसले असते. इथे एक ओरखडा नव्हता. मध्यभागी आरसा. कुणीतरी मन लावून पॉलिश करावं तसा.

थर देणारा ऋत्विक. पुण्याची नोकरी सोडून गावी येऊन कारखाना टाकलेला, एकोणतीस वर्षांचा, बोलायला लागला की थांबत नाही. मी फोन केला तर आधीच तापलेला.

"मॅडम, माझ्यावर ढकलू नका हां. दोन सेट एकाच दिवशी, एकाच चेंबरमध्ये केले. एक सोलकरांचा, एक शिवा मयेकरांचा. दोन्ही विनोदनेच बसवले. माझा थर वाईट असेल तर मयेकरांचा पण गेला असेल."

"मयेकरांचा गेलाय?"

"त्यांनी इंजिन अजून उघडलंच नाहीये," ऋत्विक म्हणाला.

३

शिवा मयेकर आणि गुलाम रसूल यांच्या बोटी गेली वीस वर्षं शेजारी-शेजारी लागतात आणि वीस वर्षं दोघांची चुरस आहे. आधी कोण सुटला, कुणाला सुरमई जास्त लागली, सगळ्यात. एकाने रडार घेतलं की दुसरा आठवड्याने घेतो. थरसुद्धा शिवाने त्याच हट्टाने चढवून घेतला होता.

बुधवारी सकाळी बंदरावर गेले. विनोदला मी ओढूनच आणलं होतं. तो मान खाली घालून माझ्या मागून चालत होता, आणि नेहमी हाक मारणारी माणसं ताडपत्र्यांच्या गाठी बघायचं नाटक करत होती. मला असा संताप आला!

शिवाच्या 'जय भैरी'चं इंजिन विनोदनेच उघडलं. टॅपेटं एकेक करून माझ्या रुमालावर ठेवत गेला. पहिलं काळं. दुसरं काळं. बारावंही काळं, कॅमच्या वाटेवर जरा चमक आलेली, बस्स.

"सुटलो!" शिवा म्हणाला. मग विनोदकडे बघून ओशाळला. "तुझ्याबद्दल मी काय बोललो नव्हतो हां."

"बोलला नाहीत हेच तर," मी म्हटलं. "ऑइल कुठलं होतं?"

"दोघांचं एकच," विनोद म्हणाला. "एकाच दुकानातून, एकाच खेपेचे डबे. दोन्हीकडे मीच बदलायचो. आणि दोघांना बजावलं होतं, ह्याच्यात दुसरं कसलंही ऑइल मिसळायचं नाही. ऋत्विकच्या कागदावर लिहिलंच होतं तसं."

थर तोच, हात तेच, ऑइल तेच. एक इंजिन शाबूत, एक उघडं. विनोदने येताना सांगितलेली एक गोष्ट आठवली.

"शिवा," मी विचारलं, "डिसेंबरात तुम्ही अल-मददवर चढला होतात म्हणतात. खरं?"

तो चपापला. "कोण म्हणतो? चाचांचा लवू तांडेल ना? चढलो होतो, चोरी करायला नाय! आवाज ऐकायला गेलो होतो."

"कसला आवाज?"

"इंजिनाचा. मॅडम, माझ्यात पण तीच टॅपेटं, तेच इंजिन. तरी त्याचं माझ्यापेक्षा शांत चालायचं. डिझेल पण कमी प्यायचं. चाचा बंदरभर सांगत सुटायचे. म्हटलं, असं काय घातलंय त्यात, बघू तरी! काय दिसलं नाय. उतरलो."

मी ऐकलं आणि वहीत लिहूनही घेतलं. पण माझं डोकं तेव्हा चोर शोधत होतं, म्हणून त्याचा अर्थ लागला नाही. चढला का, हेच धरून बसले. एकतीस वर्षं शिकवून ही अक्कल.

४

लवू तांडेल अल-मदद चालवतो. पन्नाशीचा, कमी बोलणारा. मी आधी बोटीवर चढून उघडं इंजिन पाहिलं, कॅम शाबूत होते. तो खाली बोटीच्या सावलीत जाळं विणत बसला होता.

"ऑइल बदलून विनोद गेला की इंजिनाशी कोण जायचं?" मी विचारलं.

"कोण नाय."

"खलाशी?"

"नाय. मालकांची शिस्त हाय. नवीन ऑइल घातलं की पयला स्टार्टर मालक मारणार. ते एकटे खाली जातात, दुवा करतात. पाच मिनटं. आमी सगळे वर. विनोदला पण थांबू देत नायत, घरचा रिवाज हाय तो."

"आणि शिवा चढला तेव्हा?"

"मी उभा होतो समोर. त्याने हात नाय लावला कशाला."

तिथून गुलाम रसूल सोलकरांच्या घरी गेले. दोन मजली घर, गॅलरीला निळ्या काचा. अडुसष्टचे चाचा झोपाळ्यावर बसले होते. बायको कुलसुम आणि सून महरीन आत-बाहेर करत होत्या. मुलगा अद्नान कतारला, चार वर्षं सुट्टी मिळालेली नाही.

"त्या पोराची बाजू घेऊन आलाव ना, म्याडम?" ते म्हणाले. "चहा घ्या. पण बाजू घेऊ नका."

"तो चोर नाही. थर खरा आहे, मी मोजलाय."

"मग थर गेला कुठे? समुद्रात?" त्यांनी झोपाळा थांबवला. "म्याडम, इंजिन माझं कसं चालत होतं, विचारा बंदरावर. लोण्यासारखं! त्या पोराला मी मुलासारखा मानला. अद्नान नाय तर हा हाय, असं म्हणायचो. त्याने माझा गळा कापला."

ते रागाने बोलत होते, पण आवाज कापत होता. दुखावलेला माणूस होता तो, खोटा नव्हता. हीच माझी अडचण.

"विनोदच्या डब्याशिवाय दुसरं ऑइल घातलं होतं?"

"अल्लाची शपथ, दुसरं ऑइल एक थेंब नाय."

महरीनने माझ्यापुढे फणसाची सांदणं ठेवली. ठेवताना तिने सासऱ्यांकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि कुलसुमने हाक मारली तशी आत निघून गेली.

५

गुरुवारी प्रयोगशाळेत बसून सगळं पुन्हा मांडलं, आणि ह्या वेळी चोर शोधायचा नाही असं स्वतःला बजावलं. इंजिनाला काय झालं, एवढंच बघायचं.

शांत चाललं. डिझेल कमी प्यायलं. म्हणजे आत घर्षण कमी होतं, शिवाच्या इंजिनापेक्षाही कमी. आणि झीज जास्त. आपण सगळे धरून चालतो की घासलं तर झिजतं, निसरडं असलं तर टिकतं. विनोदने तेच धरलं, शिवाने तेच, चाचांनी तेच, आणि तीन दिवस मीसुद्धा.

पण एक पदार्थ असा आहे की जो घर्षण कमी करतो आणि हाच थर खातो. मॉलिब्डेनमचं एक रसायन असतं, ऑइलात विरघळणारं. इंजिन तापलं की पोलादावर त्याचा निसरडा पापुद्रा धरतो. दोन्हीकडे पोलाद असेल तर उत्तमच. एका बाजूला पोलाद आणि दुसऱ्या बाजूला हा काळा कार्बन असला की मात्र त्याच्यातून निघालेलं मॉलिब्डेनम कार्बनला लागतं. थर मऊ पडतो आणि कणाकणाने जातो. ओरखडा नाही, आवाज नाही. ह्यावर मी वाचलेलं होतं, वर्गात एकदा सांगितलंही होतं. कॅम शाबूत आणि माथा आरशासारखा, ते ह्याच्यामुळे.

म्हणजे अल-मददच्या ऑइलात ते रसायन गेलं होतं, आणि एकदा नाही, दरवेळी. ऑइल बदलल्यावर विनोद नाही, खलाशी नाही, शिवा नाही. तिथे एकच माणूस एकटा जात होता. तो शपथेवर सांगत होता की ऑइल घातलं नाही, आणि खरं सांगत होता. मी प्रश्नच चुकीचा विचारला होता.

मी रिक्षा केली. चाचा झोपाळ्यावरच होते.

"चाचा, एकच विचारते. इंजिनाशी दुवा करताना तुमच्या हातात काय असतं?"

कुलसुम दारात थांबली. मग महरीन आत गेली आणि शोकेसचं खालचं दार उघडल्याचा आवाज आला. तिने आणून माझ्यापुढे ठेवला तो छोटा सोनेरी डबा. अरबी अक्षरं, वर ससाण्याचं चित्र. दारातून दिसत होतं, शोकेसमध्ये तसेच आणखी सात होते.

"ह्यांनी पाठवलेत," ती हळू आवाजात म्हणाली. "कुणी गावी आलं की त्याच्याबरोबर दोन-दोन. काल सांगणार होते मी."

"वाच बघू मागे काय लिहिलंय."

तिला अरबी वाचून समजत होतं. बोट फिरवत ती दोन ओळी खाली आली. "घर्षण कमी करतो... मॉलिब्डेनमयुक्त."

"ते ऑइल नाय!" चाचा एकदम ओरडले. "ती पोराची भेट हाय. पोर इथे नाय, बोटीवर त्याचं काय तरी असावं, म्हणून मी घालतो. जुनी टॅपेटं होती तेव्हा तीन वर्षं घातलं, काय झालं नाय! म्याडम, त्या मेकॅनिकला वाचवायला तुमी माझ्या पोराच्या नावावर पाप टाकताव?"

"जुन्या टॅपेटांवर थर नव्हता, चाचा."

"निघा तुमी," ते म्हणाले.

मी निघाले. पण डबा उचलून पिशवीत टाकला, आणि मला कुणी अडवलं नाही.

६

रात्र फुकट घालवली नाही, झोपले. शुक्रवारी सकाळी सातला घर्षणयंत्र चालू केलं. ऋत्विकने थर दिलेल्या दोन चकत्या आणल्या होत्या. चकती फिरते, वर पोलादी गोळी दाबून धरलेली, मध्ये इंजिनाइतकं तापवलेलं ऑइल. एका चकतीला साधं ऑइल, दुसरीला चाचांच्या डब्यातलं मिसळून. प्रत्येकी तीन तास.

दुपारी नमाज आटोपून दारात कोण उभं? गुलाम रसूल चाचा. धुतलेले कपडे, डोक्यावर टोपी, पाठीमागे महरीन.

"ही जेवू देत नाय," ते म्हणाले. "म्हणते, एकदा बघून या. दाखवा."

मी काही समजावलं नाही. आकडा दाखवला. डब्याच्या ऑइलात घर्षण निम्म्यावर आलेलं. त्यांचा चेहरा खुलला. मग दोन्ही चकत्या पुसून त्यांच्या हातात दिल्या. साध्या ऑइलातली काळी. दुसरीवर, गोळी फिरली तिथे, पांढरं लखलखीत कडं.

त्यांनी अंगठ्याने ते कडं चोळलं. पुन्हा चोळलं. मग खुर्चीत बसले.

"विनोद बोलला होता मला," ते म्हणाले. "चाचा, दुसरं काय मिसळू नका. मी म्हटलं, नाय रे. आणि दुसऱ्या दिवशी हा ओतला. माझ्या मनात पण आलं नाय की ह्याला मिसळणं म्हणतात." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "उद्या बैठकीत अद्नानचं नाव घ्यायला लागेल?"

"विनोदचं नाव घेताना तुम्ही विचारलं नव्हतं," मी म्हटलं. जरा तिखटच बोलले. पण परत घेतलं नाही.

शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मी मागच्या बाकावर बसले. विनोद दाराशी उभा होता, शेजारी मनस्वी. अध्यक्षांनी विषय वाचायला सुरुवात केली तेव्हा गुलाम रसूल चाचा उठले.

"वाचू नका," ते म्हणाले. "सोमवारी मी ह्या पोराला चोर म्हटलं. चोरी झालीच नाय. माझ्या अद्नानने कतारवरनं पाठवलेला डबा मी माझ्या हाताने इंजिनात ओतला, सहा वेळा. त्याने थर खाल्ला. म्याडमकडे चकत्या हायत, ज्याला बघायच्या त्याने बघा. माझ्या पोराला ठाऊक नव्हतं. मला विनोदने सांगितलं होतं. म्हणजे चूक कुणाची, ते तुमीच बघा." मग ते दाराकडे वळले. "विनोद, मला माफ कर बेटा. मनस्वी, तू पण."

अध्यक्षांनी कागद घडी करून खिशात घातला. विनोद बाहेर निघून गेला, आणि मी मनात म्हटलं, बरं केलंस, अजिबात माफ करू नकोस.

सोमवारी बंदरावर गेले तर दहा बोटमालक विनोदची वाट बघत उभे. शिवा सगळ्यांत पुढे. विनोद तिथे नव्हता. तो अल-मददच्या पोटात उतरला होता आणि चाचा वरून त्याला एकेक पाना देत होते.

मला राहवलं नाही. "काय रे, बंदरावर दुसरं इंजिन नव्हतं? ह्यांनी अंगावर टॅपेटं फेकली तुझ्या!"

"फेकली ना, मॅडम," तो खालून म्हणाला. "चोर म्हणायला सगळे होते. शनिवारी चारचौघांत उभं राहून 'माझी चूक' म्हणाले, ते हे एकटे. बाकीच्यांनी अजून चहासुद्धा विचारला नाही." आणि हात वर करून म्हणाला, "चाचा, चौदाचा द्या."

चाचांनी चौदाचा दिला. त्यांना डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. माझा होता, मी पुसले.